डावा खिसा

योएल पाटोळेंनी हातगाड्यावर घालून आणला तो डबा,
वरून टॉवेल पांघरलेला, दवाखान्यात न्यावा तसा.
"साफ वाजत नाही गं. दोन सूर ठीक,
चार सूर एकत्र धरले की चिखल."
मी विचारलं, वय काय याचं?
"माझ्यापेक्षा कमी. फार नाही."

कादराबादेतलं दुकान, पाटीवर अजून दादाच:
टाक रेडिओ. बाकीची अक्षरं गंजानं खाल्ली.

मागचे स्क्रू काढले.
आत झुरळांच्या अंड्यांची टरफलं,
ट्रान्सफॉर्मर खडखडू नये म्हणून पाचर मारलेली
कुणाची तरी लग्नपत्रिका,
आणि एका झाळलेल्या जोडावर
हिरव्या रंगाचा ठिपका.

तो ठिपका मी ओळखते.
आईची नखपॉलिशची बाटली, तिला कधी मिळाली नाही ती.
दादा ज्या जोडाला हात लावत
त्याच्यावर एक थेंब टाकत, सही म्हणून.

म्हणजे हा डबा आधी इथं येऊन गेलेला.
गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी दादांनी त्याला मोठा केला होता,
पहिल्या व्हॉल्व्हखाली एक जास्तीचा कपॅसिटर,
मैदानाच्या टोकाला उभ्या माणसाच्या छातीत वाजावं म्हणून.
वाजलंही असेल. तेव्हा सगळ्यांना मोठंच हवं होतं.

आता मी त्यांचंच काम उसवत बसले.

डावा हात खिशात, हे पहिलं शिकवलेलं.
प्लग काढला तरी आतला करंट झोपत नाही,
एका हातातून दुसऱ्या हातात जायला
छातीतून वाट मागतो. वाट द्यायची नाही.
माझ्या झंपराला खिसाच नव्हता तेव्हा.
मी हात पाठीमागे धरायचे, कमरेत,
मार खाणाऱ्या पोरीसारखा.
मग आईनंच एक दिवस सगळ्या झंपरांना
डाव्या बाजूला खिसे शिवले,
दादांना एक शब्द न बोलता.

तर:
फुगलेले जुने कपॅसिटर बदलले.
एक गळत होता, अलीकडचे व्होल्ट पलीकडे झिरपत होते,
चिखल तिथला.
पहिल्या जागी कमी जोराचा व्हॉल्व्ह बसवला,
थोडं ऐकून घेणारा.
आणि शेवटून पहिल्याकडं एक बारीक तार:
बाहेर जाणाऱ्या आवाजातला चिमूटभर
उलटा करून परत आत सोडायचा,
म्हणजे यंत्राला स्वतःचं बोलणं ऐकू येतं
आणि ते जरा सावरून बोलतं.
(घरात असं काही बसवता आलं असतं तर.)

राहिला हिरवा ठिपका.
कपॅसिटर उपटून फेकायला कितीसा वेळ.
मी त्याचा एकच पाय कापला.
दुसरा तसाच. तो उभा आहे आत,
कामावर नसलेला, पण जागेवर.

रात्री अकराला लावून पाहिलं.
एमआयडीसीत भट्टी पेटली की आमच्या गल्लीचे दिवे
एकदा डोळे मिटतात, व्हॉल्व्हसुद्धा
नारिंगीचे विटकरी होतात, मग पुन्हा नारिंगी.
तेवढं थांबून योएलकाकांनी चार सूर धरले.

चारही वेगळे ऐकू आले.
तारेवरून सरकणाऱ्या बोटाची किरकिरही.
करंगळी थरथरते त्यांची, तेही,
आणि सूर सोडताना नाकातून निघणारा श्वास.
ते थांबले. गिटार मांडीवर आडवी केली.
"लई साफ झालं हे," म्हणाले,
"आता लपायला जागा नाही राहिली."

थोडं घाण करून देऊ का परत, मी विचारलं.
एका पायाचं तर काम आहे. मिनिटभराचं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. करंगळीकडं बघत
तोच सूर पुन्हा धरला. चुकला.
पुन्हा धरला.

पत्रिका मी होती तिथं परत खोचली,
नावं न वाचता.
माझा डावा हात अजून खिशातच होता.