साडेअठरा, डावा उतरता

जेलच्या अंगणात नऊ माणसं,
गळ्यापर्यंत घोंगड्या.
वर नुसते चेहरे, फळीवर मांडलेल्या बरण्यांसारखे.
प्रत्येकाच्या उजव्या भुवईवर कागदाचा चिटोरा,
कारण त्यांतल्या एकाला तिथे व्रण आहे
आणि तो मला दिसता कामा नये.
नायब तहसीलदार म्हणाले, घबराइए मत, बहनजी.
पहचानिए, और हाथ लगाकर बताइए.

मी पुष्पलता माळवदे.
रामबागेतलं अण्णांचं दुकान चालवते,
शाळेचे गणवेश, वकिलांचे कोट.
गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच अण्णा माप सांगायचे;
टेप नंतर, त्याच्या समाधानापुरती.
तो डोळा आणि एक मोडकी मशीन
एवढं माझ्या वाट्याला आलं.

त्या रात्री मी काजं करत होते.
समोरच्या गिरणीतून तो निघाला.
खंडेलवालकाका आत पिठात पडलेत
हे मला नंतर कळलं.
त्याने एकदाच वळून पाहिलं,
सुईत दोरा ओवायला लागतो तेवढंच.
मग पाठ.
पाठ मी पुरती पाहिली, पार मेडिकलच्या कोपऱ्यापर्यंत:
खांदा साडेअठरा, डावा अर्धा इंच उतरता,
सदरा रेडिमेड, मागे ओढ घेत होता.

ठाण्यात हेच सांगितलं.
मुंशीजींनी लिहिलं, कद औसत, रंग गेहुँआ.
खांद्याला रकाना नव्हता.
मग कुणीतरी मोबाइल पुढे केला,
देखिए, ऐसा ही था ना?

पाहिलं.

घरी आले तर कणकेत तो चेहरा,
काजाच्या चिरेतून तो चेहरा.
त्या रात्रीच्या कापडाला जिथे भोक होतं
तिथे मोबाइलमधला माणूस नेमका बसला;
रफू असं, की उलट्या बाजूनेही कळू नये.

अंगणात पाचवा तोच. शंकाच नाही.
मी सरळ चालत गेले,
घोंगडीवर हात ठेवला, खांद्यावर,
आणि हाताला कळलं.

सोळा. जेमतेम सोळा.
दोन्हीकडे सारखा, हाडं वर आलेली,
बिनकापडाची मशीन पायाखाली धावते
तसा आतून थरथरत.
या खांद्यावरून तो सदरा ओघळला असता,
ओढ कुठली घेतोय.

मागे पेन चालू झालं होतं.
साहेब लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते,
गवाह ने बिना झिझक...
मी काही बोलले नाही.
हात उचलायला मात्र वेळ लागला.
तो माझ्याकडे बघत होता,
लग्नात समोर आलेला लांबचा पाहुणा बघतो तसा,
ओळख दाखवावी की नको.

नाव भेरू, वल्द गेंदालाल.
मांगलियाला चहाच्या टपरीवर भांडी घासायचा.
जमानत झाली नाही, असं काकांच्या मुलाने सांगितलं,
पेढे देताना.
पेढा मी घेतला.

मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय:
साडेअठरा, डावा उतरता. पुढे नावाची जागा कोरी.
त्याखाली: सोळा, भेरू.
कात्री लागल्यावर कापड कुणाचं ऐकत नाही, अण्णा म्हणायचे.
ते फक्त कापडाबद्दल बोलत असत, मला खात्री आहे.

समन्स आलंय. सत्तावीस तारीख.
सरकारी वकील म्हणाले, ताई, काही नाही हो,
तो समोर असेल, बोट दाखवायचं, झालं.
काल ते स्वतःच आले, कोट शिवायला.
उंबऱ्यावर उभे होते.
मला माप दिसलं, तरी मी बोलले नाही.
आत बोलावलं, पाठ करून उभं केलं,
टेप गळ्यात तशीच राहू दिली
आणि डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

हे काय, म्हणाले.

थांबा, म्हटलं. माप घेतेय.