धनको क्रमांक नऊ

वकीलबाई म्हणाल्या, यादी करा.
ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची.
एकही नाव सुटता कामा नये,
शपथेवर द्यायचंय.

कुडाळच्या त्यांच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता.
बेअरिंग गेलंय, मी मनात म्हटलं
आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागलो.

बँक. स्कूटरवाली फायनान्स.
डीप फ्रीझर, ज्याचे चौदा हप्ते बाकी
आणि ज्यात आता घरमालकीण आमरस ठेवते.
सोनेतारण: सोनं त्यांच्याकडे, व्याज माझ्याकडे.
मग फोनमधली चार ॲपं,
ना पत्ता, ना चेहरा.
वसुलीवाला दर वेळी आपलं नाव समीर सांगायचा,
आवाज मात्र वेगळा.
पहिल्या समीरने सर म्हटलं.
तिसऱ्याने बायकोच्या मावशीला फोन लावला, म्हापशाला,
आणि बर्फाच्या कारखान्यातल्या दामू केरकरला;
त्याचा नंबर माझ्याकडे होता
एवढाच त्याचा गुन्हा.

मी फ्रीज दुरुस्त करतो, वेंगुर्ल्यात.
लोकांना वाटतं फ्रीज थंडी बनवतो.
थंडी कोणी बनवत नाही.
आतली ऊब उचलायची, मागच्या जाळीवर टाकायची.
हात लावून बघा, चटका बसेल.
तीन वर्षं मी तेच केलं,
ह्याचा हप्ता त्याच्या पैशातून, त्याचा तिसऱ्याच्या.
पुढून घर गार,
आत बल्ब लागतोय, दूध नासत नाहीये,
आणि मागे भिंत काळी पडत चाललेली.

आठ नावं झाली. आणखी?
नाही, म्हटलं.
शपथेवर हां, त्या म्हणाल्या.

मग मी दोनदा पाणी मागितलं.

बंदरावर शेवंती गिरप बसते.
वही नाही तिच्याकडे, कमरेला सुतळी.
शंभराचे बांगडे उधार गेले की एक गाठ.
माझ्या सुतळीला तेवीस गाठी.
एकदाही समीर झाली नाही ती.
फक्त गिऱ्हाईक नसताना
सुतळी बोटांतून फिरवायची,
मी समोरून जात असलो तरी, नसलो तरी.

कायद्याचं असं आहे:
यादीत नाव लिहिलं की ते देणं एक दिवस माफ होतं.
नाही लिहिलं तर शपथ खोटी.
बँकेचं लिहिताना मला काही वाटलं नव्हतं.

नऊ. श्रीमती शेवंती गिरप, मासळी, दोन हजार तीनशे.

तारखेला ओरोसच्या कोर्टात
बँकेचा एक पोरगा आला, सही करून गेला.
ॲपांपैकी कोणी नाही.
शेवंती आली. बाजार बुडवून,
नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून.
नातवाने वाचून दाखवली म्हणे, दोन वेळा.

कोर्टाने मला काय ठेवलं ते सांगतो:
अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, हत्यारांची पेटी.
गॅस मोजायचं गेज माझंच राहिलं.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती.
"कोर्टान सोडल्यान म्हणान मी सोडूचंय नाय,"
माझ्याकडे न बघता म्हणाली.
"मी कोर्टाक नाय दिलंय. तुका दिलंय."
आणि सुतळी काढून
बुडालेल्या बाजाराच्या, येण्याजाण्याच्या एष्टीच्या
मिळून चार गाठी मारल्या,
दातांनी ओढून, घट्ट.

मला हसू आलं की काय, आठवत नाही.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
कोणीतरी माझं नाव घेऊन पैसे मागत होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे सरकली, जागा झाली.
तिकीट मी काढलं, दोघांचं.
तिने ते हातात घेऊन पाहिलं, सुतळी बाहेर काढली,
शेवटची गाठ नखाने उकलू लागली.
पिंगुळी गेली. मठ आलं.
गाठ काही सुटेना.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली,
"घराकडे जावन सोडतंय."