कच्चा रंग

तोंडी परीक्षेला सहा दिवस उरलेत
आणि मी कॅमेरा घेऊन धक्क्यावर आलोय,
हे मिसेस रटरना सांगू नका.
त्यांना वाटतं, मी वरच्या खोलीत
एकोणिसावा नियम घोकतोय:
दिसेनासं झालं की वेग कमी करा.

साउथ शील्ड्स. ऑक्टोबर. साडेसात.
खरंच दिसेनासं झालंय.
टाइन नदी कुठे संपते, समुद्र कुठे लागतो,
कठडा हाताला लागतो म्हणून आहे.
बाहेर कुणीतरी भोंगा वाजवतंय,
दर दोन मिनिटांनी एक, लांब.
यंत्राचं जहाज, चालतं.
एवढं मला झोपेतही येतं.

दीपस्तंभ मला माहीत आहेत ते सेकंदांनी.
रात्री ब्रिजवर, दिवे मालवून:
एक लखलख, मग मोजायचं,
मोजता मोजता पुन्हा लखलख,
म्हणजे हा तो.
नकाशावर पेन्सिलीची खूण, शेजारी वेळ, पुढे.
अकरा वर्षांत असे किती गेले,
एकाचंही तोंड पाहिलं नाही.

हा पहिलाच. लाल, बुटका,
विजार गुडघ्यापर्यंत खोचून
पाण्यात उतरावं की नको
अशा विचारात उभा.
आणि तोही नीट दिसत नाही.
आधी पाय दिसले, मग टोपी,
मधलं अंग कुणी खोडून टाकलेलं.

शेजारी बादली पालथी घालून
हेस्लॉप नावाचे म्हातारे गळ टाकून बसलेत.
त्यांचं बोलणं मला निम्मंच कळतं.
तरुणपणी दीपस्तंभ रंगवायला होते म्हणे,
हा नव्हे, पलीकडचा,
वारा असा, की निम्मा लाल भिंतीला
आणि निम्मा यांच्या अंगाला.
थर्मासच्या झाकणात चहा दिला, म्हणाले,
थांब, येईल.
नाहीतर नाही येणार.

आला.
समुद्राच्या कडेला टेकूनच आला सूर्य,
आणि धुक्याने तो प्यायला.
आधी कांद्याच्या सालीचा,
मग झेंडूचा,
मग असा एक रंग, ज्याचं नाव
फक्त बाबांच्या खात्यात असणार.

सोलापूरला समुद्र नाही. हौद होते.
बाबा रंगखात्यात, चादरींच्या कारखान्यात.
वाफेतून सुताची लड वर निघायची तेव्हा
गिऱ्हाईक हरखून जायचं.
बाबा मात्र बोलायचे नाहीत.
ओला रंग बघून शब्द देऊ नये,
एवढं एकच शास्त्र त्यांनी मला शिकवलं,
आणि मी बोटीवर गेलो.

चौदा वेळा बटण दाबलं.
दीपस्तंभ त्या रंगात गळ्यापर्यंत बुडालेला,
लाल होता की नव्हता, सांगता येईना.
एक सीगल आडवा गेला, तोही भगवा.
हेस्लॉप गळ सोडून उठून उभे राहिले,
टोपी काढली नाही, पण हात टोपीपर्यंत गेला.

मग धुकं नुसतं पांढरं झालं,
न रंगवलेल्या सुतासारखं, आणि विरलं.
राहिला एक पत्र्याचा लाल खोका,
खिळ्यांखाली गंजाचे ओघळ.

सवयीने मी मोजलं होतं:
एकशे नव्वद सेकंद.
पुन्हा किती वेळाने,
ते दिव्यांच्या कुठल्याच यादीत छापलेलं नाही.

एक फोटो सोलापूरला पाठवला.
तिकडे जेवणाची वेळ. तरी लगेच उत्तर आलं,
चष्मा न लावता टाइप केलेलं:
बरा आहे. रंग कच्चा. मीठ कमी पडलं.

मी ओठांवरून जीभ फिरवली.
भोंगा वाजला, यावेळी जवळून.
हेस्लॉपना एक लहानसा कॉड लागला होता,
ते त्याला गळातून सोडवत होते,
परत टाकण्यासाठी.