सोय

फेरीच्या धक्क्यावर लावायच्या पाटीचा मजकूर
साहेबांनी टेबलावर ठेवला. दोन ओळी, इंग्रजीत.
चोडणची एक फेरीबोट दुरुस्तीला काढली, सोमवारपासून.
खाली नेहमीचंच : इनकन्व्हीनियन्स रिग्रेटेड.
“मराठी करा, बाई. अकरापर्यंत.”

मी लिहिलं, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
एकोणीस वर्षं हेच लिहिते.
पेनलाही आता दिलगिरी वाटत नाही.

पण त्या दिवशी, का कोण जाणे,
त्यातला ‘इन’ मी नखानं सोलून काढला,
गऱ्याची पाती काढावी तसा,
आणि आत उरलं ते बघत बसले : कन्व्हीनियन्स.

बँक तो मला पत्रातून पाठवते,
तुमच्या लवकरात लवकरच्या कन्व्हीनियन्सनं,
म्हणजे आत्ताच्या आत्ता.
सिनेमाच्या तिकिटावर तो अठ्ठावीस रुपयांना पडतो.
पणजीच्या बसस्टँडमागे निळ्या फरशीच्या खोलीवर
पाटीच आहे त्याची. दारात बादली, आत अंधार,
सुटे नसतील तर तोही नाही.

आमची सोय कागदावर कमी, तोंडात जास्त.
पाण्याची सोय. पाहुण्यांच्या पथारीची सोय.
तू आपली सोय बघ, असं रागानंही म्हणतात.
सुरंगाताईची सोय लावली तेव्हा
स्थळ फोंड्याचं होतं, बिजवर, दोन मुलं, एक दुकान.
मांडव उतरायच्या आत सगळे म्हणाले, सोय झाली.
कुणाची,
हे विचारायला व्याकरणात जागा होती,
घरात नव्हती.

सोमवारी संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर
माझ्याच पाटीखाली मी पाऊण तास उभी.
पलीकडे खारफुटी काळी पडत चाललेली,
स्कूटरींची रांग चढावापर्यंत, हॉर्न,
आणि शेजारी देवकीबाय, डोक्यावर पांटली,
न खपलेली तांबडी भाजी, मुळे, वर ओलं गोणपाट.
“कितें बरयलां गो थंय?”
मी वाचून दाखवलं.
“गैरसोय म्हणजे?”

इतक्या वर्षांत अर्थ कुणी विचारला नव्हता.
मी म्हटलं, त्रास. म्हणजे सुख नसतं ते.
म्हणजे सुखही नाही, त्याच्या अलीकडचं काहीतरी...
“तें आसूं,” ती म्हणाली. “आदीं हात दी.”

एक कड तिनं धरली, एक मी.
तिच्या मानेत कट्‌ असा आवाज झाला.
चुंबळ काढून तिनं केस पदरानं पुसले
आणि तोंडानं जो श्वास सोडला,
लांब, जरा शिट्टीसारखा,
त्याला दोन्ही भाषांत काय म्हणतात मला माहीत नाही.
ती पाटीकडे बघतही नव्हती.

फेरी आली तेव्हा पुन्हा म्हणाली, हात दी.
उतरवण्यापेक्षा चढवणं अवघड. पहिल्यांदा चुकलं माझं,
चार मुळे रॅम्पवरून घसरत नदीत गेले.
मागचे हॉर्न मारत राहिले. ती हसली.

रात्री, बाहीवर भाजीचा तांबडा डाग तसाच ठेवून,
मी सुरंगाताईला फोन लावला.
“अवेळी कशी गं?”
काही नाही, म्हटलं. पुढे सुचेना.
मागे तिच्या नातवाचा टीव्ही मोठ्यानं चालू.
मग तीच विचारत राहिली,
फेरी मिळाली का, उशीर झाला का,
आणि आता इतक्या रात्री
जेवणाची काय सोय केलीस.