वायसर

श्रावण मोठाबा गेले. तेरवी झाली.
वाटणीत माझ्याकडे आली पान्यांची पेटी
आणि तिच्या तळाशी, तमाखूच्या डबीत, अकरा नाणी.

देवळीच्या सोनाराने कसोटीवर घासून पाहिलं,
"चांदी नावाला," म्हणाला, "बाकी भेसळ."
घड्याळवाल्या हमीदभाईंचं भिंग मागून आणलं.
चिंचेच्या कोळाने एकच धुतलं, मग घाबरून थांबलो.

एका बाजूला राजा. तो ओळखीचाच,
आपल्या जुन्या रुपयावरचा,
फक्त इथे मुकुट काढून बसलेला.
दुसऱ्या बाजूला सिंह, मागे डोंगर.
पूर्व आफ्रिका, एक शिलिंग, सन बेचाळीस.

घरात एवढंच ठाऊक, की मोठाबा
जिनिंगचे फिटर म्हणून बोटीने गेले
अन् सात वर्षांनी आले.
कसं होतं तिकडे, विचारलं तर म्हणत,
"तिकडेबी कापसातून सरकीच निंघे."

दहा सेंटची तीन नाणी. मधोमध भोक,
भोकाच्या दोन्ही अंगांनी हत्तीचे सुळे.
बोट फिरवलं, तर बोटालाच काही आठवलं.

न्हाणीच्या दाराचा कोयंडा,
लहानपणी डोळ्यांत साबण जाईस्तोवर
मी पाहत राहायचो तो,
त्यांनीच बसवलेला.
रंगाचे चार थर खरवडले.
नटाखाली सुळे, गंजात रुतलेले.

वहिनी म्हणाली, "काढा ना, बारा होतील."
पाना हातात होता, त्यांचाच.
नट जरासा सैल होता.
कसला.