दुसऱ्या तांडेलाची उचल

बंदी उठायला पाच दिवस.
गजबादेवी अजून ताडपत्रीखाली, खाडीच्या तोंडाशी,
अर्धी नव्या निळ्या रंगाची, अर्धी गेल्या वर्षाची.
मी ओटीवर वही उघडून बसले आहे
आणि एका ओळीपाशी पेन्सिल अडली आहे:
जयवंत कोयंडे, उचल रुपये

पुढे कोरं.

गेल्या साली इथे चाळीस हजार होते.
खलाशाचे तीस, आणि वरचे दहा
कशाचे, ते वहीत लिहिलेलं नाही.
तांडेल हरेश्वर तारी झोपले की सुकाणू धरायचं,
ते उठले की सोडायचं, बहुतेक याचे.
सात मोसम त्याने असं धरलं, सोडलं.
बोटीच्या फोटोंत तो कायम कडेला,
एकात तर नुसतं कोपर.

मग कार्तिकात विंचचा दोर सुटला,
तारीकाकांचा खांदा निखळला
आणि अठरा दिवस बोट त्या कोपराच्या हाती गेली.

अठरा दिवसांत अकरा फेऱ्या.
नऊ फेऱ्यांत बांगडा असा की बर्फ कमी पडला,
लिलावात माझा आवाज बसला.
जेटीवर पोरं त्याला तांडेल म्हणू लागली.
विजयदुर्गच्या एका मालकाचा त्याला फोन आला, दीड लाखाचा.
हे मला त्याने नाही,
डिझेलवाल्याने सांगितलं.

पण त्या पंधरवड्यात बांगडा कोणाला नव्हता?
आंधळ्याने जाळं टाकलं असतं तरी भरलं असतं,
दीर म्हणतो. दीर हिशेबाचा पक्का.
काकांचा खांदा बरा झालाय, ऑगस्टात ते उभे राहतील,
हा परत कडेला. कडेला बसण्याचे लाख?
"स्टेपनीक टायरचो भाव खय देतत, वैनी?"
जाळं शिवता शिवता, मान वर न करता, गुणाजी खवळे म्हणाला,
"फोंड्याच्या घाटात पंक्चर झाली काय समाजतला."

दोघंही खरे. पेन्सिल म्हणूनच अडली.

आणि ती अकरावी फेरी.
चौदा वाव पाण्यातून तो मागे फिरला,
जाळं न भिजवता.
वायरलेसवर इशारा नव्हता, आभाळ धुतल्यासारखं.
बाकीच्या सात बोटी पुढे गेल्या, रात्र काढली,
सकाळी सुरमई घेऊन हसत आल्या.
वारा आला नाही. काही म्हणजे काहीच झालं नाही.
माझं डिझेल गेलं, बर्फ गेला,
खलाशांची तोंडं वाळल्या ढोम्यासारखी.
कित्या फिरलस, मी विचारलं.
"माका वाटला," म्हणाला,
आणि बोटीवर पाणी मारू लागला.

वादळ आलं असतं तर हा आकडा सोपा होता,
डोळे मिटून दोन लाख लिहिले असते.
आलं नाही, म्हणून आठ महिने मला कळत नाही
की तो भ्यायला,
की त्याला ऐकू आलं काहीतरी
जे सात बोटींना आलं नाही.
एवढंच ठाऊक, की आमच्या घरातला तांडेल
अशाच एका स्वच्छ रात्री पुढे गेला होता,
आणि त्याचं चुकलं असं अजून कोणी म्हणत नाही.

तिन्हीसांजेला जयवंत आला. हात कोपरापर्यंत निळे.
मी वही त्याच्याकडे फिरवली. लाख लिहिलं होतं.
त्याने वाचलं. मला वाटलं, डोळे भरतील,
सात वर्षं कडेचा माणूस, आणखी काय करणार?

"आनी वीस व्हये," म्हणाला.

दीर खाकरला.
मी त्याच्याकडे नीट पाहिलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा.
त्या रात्रीही हाच आवाज असणार,
हळू, आणि पाच जणांनी ओढून न वळणारा.

दहा, मी म्हटलं.
तो चहा प्यायला.
कपाच्या कानाला निळं बोट राहिलं.