कोपराखालचं शहर

भौतिकशास्त्रात एम.एस्सी., प्रबंध धुळीच्या वादळांवर.
मुलाखतीत विचारलं, साडी नेसता येते ना,
आणि 'श' म्हणून दाखवा.

मग तीन आठवडे हिरव्या कापडासमोर.
मागे काहीच नसतं.
पूर्व डाव्या हाताला, हे अंगात मुरवायचं.
वायुदाबाचं नाव काढायचं नाही,
"लोक चॅनल बदलतात," म्हणाले टिपणीस.
सत्तेचाळीस अंश मात्र हसून सांगायचे.

पहिल्याच दिवशी मी राजस्थानातून लू आणली
चंबळ ओलांडून,
अठ्ठावन्न सेकंदांत.

लष्करातून आईचा फोन:
"छान दिसलीस गं. पण आपलं ग्वाल्हेर
सगळा वेळ तुझ्या कोपराखाली.
उद्या कुरडया घालू, की आंधी येईल?"

मेकअप न पुसताच
मागच्या जिन्यावर गेले,
तेच बोट ओलं करून
वर धरलं.